सात पावलं

मदनूरकडून येणारा रस्ता
आमच्या लिंबापाशी रंग बदलतो.
तिकडचं डांबर काळं, इकडचं पिठूळ, करडं.
त्या शिवणीवर माझी खोली:
पोशेट्टीच्या पंक्चरच्या दुकानामागं,
वर पत्रा, दारात रांजण,
रांजणावर झाकण म्हणून
संस्थेच्या बॅनरचा अर्धा तुकडा.
उरलेल्या अर्ध्यावर फक्त 'मदत कें' एवढंच राहिलंय.

सकाळी आधी रांजण भरायचा.
मग क्षारसंजीवनीच्या पुड्या मोजायच्या.
चपलांचं काम मात्र कुणी सांगितलं नव्हतं.
देगलूरच्या बाजारातून एकेकट्या उचलून आणते,
अंगठा तारेनं शिवते.
चालत आलेल्याला जोड लागत नाही,
दोन तळवे झाकले की झालं.

भट्टीची माणसं दिवाळी झाली की तिकडं जातात,
ट्रॅक्टरात भांडी, कोंबड्या, एक बाज.
मिरगाच्या आधी परततात.
तीच भांडी, तीच बाज,
फक्त बाजेवर कुणीतरी पडलेलं.
मी वही उघडते. नाव. गाव. राज्य.
राज्यापाशी एक म्हातारी म्हणाली,
"लिही माय, तुला बरं वाटंल ते."

चौकीवरचा मोगलाजी रोज विचारतो,
"पगार किती देतेत बाई?"
सांगते.
"मंग कशाला राहायलाव हितं?"
मी त्याच्याकडं चहाची पूड मागते.

एक गोष्ट इथं राहूनच कळली.
लिंबाच्या उगवतीला उभं राहून एकशेआठ लावला
की तेलुगू बाई बोलते.
मावळतीला सात पावलं आलं की मराठी.
मोगलाजी हसला होता,
"सात पावलं? मंग लगीनच लागलं की तुमचं फोनासंगं."

वैशाखातली रात्र. लाईट गेलेली.
एक बाई लेकरू कवटाळून पळत आली,
"तेलु, तेलु" म्हणत.
मी फळीवरची तेलाची बाटली तिच्या हातात दिली.
तिनं ती फेकली.
मग माझ्या तोंडासमोर
करंगळी वाकडी करून धरली,
नांगीसारखी.

नीळ्ळु येत होतं मला, नोप्पि येत होतं.
हा शब्द तेवढा नव्हता माझ्याकडं.

लेकरू चार वर्षांचं असेल.
अंग गार, घामानं निथळत होतं.
फोन लावला तो उगवतीला उभं राहूनच.
मी नुसती तेलु तेलु म्हणत राहिले,
पलीकडची बाई काहीतरी विचारत राहिली.
सात पावलं पळाले.
"रुग्ण कोणत्या जिल्ह्यात आहे?"
मागं पाहिलं. लेकरू काळ्या डांबरावर होतं.
परत गेले, उचललं, आणलं.
"नांदेड," म्हटलं, "आत्ताच."
"गाडी मुखेडला गेलीय, ताई. पाऊण तास धरा."

तेवढ्यात रब्बानीचा मासळीचा टेम्पो आला,
मागून बर्फाचं पाणी गळत होतं.
त्यानं नाव, गाव, काहीच विचारलं नाही.
केबिनचं दार उघडलं फक्त.
मोगलाजीनं पावती न बघता दांडा वर केला,
मी आल्यापासून पहिल्यांदा.
लाल दिवा देगलूरच्या वळणावर दिसेनासा झाला.
आईचं नावसुद्धा विचारायचं राहिलं.

वहीत शेवटचा रकाना 'परिणाम'.
तो तसाच ठेवला.
तेल फरशीत मुरलं, मुंग्या आल्या,
तिसऱ्या दिवसापर्यंत माझा पाय घसरत होता.

आठव्या दिवशी टेम्पो आला.
मासळी थांबत नाही, तोही थांबला नाही.
पण शिवणीवर त्याचा हॉर्न वाजला,
दोनदा.
पुढं शेळी आडवी आली होती का,
ते मी बघितलं नाही.
वही उघडली आणि लिहिलं:
दोन हॉर्न.