नऊ ते पाच

खिडकीशी वाकून प्रत्येकजण तेच विचारतो,
चांगली वेळ कोणती?
मी फलकाकडे बोट दाखवते: नऊ ते पाच.
तेवढ्यावर भागत नाही लोकांचं.

मग सांगते, सकाळी या,
ऊन पूर्वेच्या तटाआड असतं तोवर.
टोपी आणा. छप्पर कुठेच नाही.
छप्पर, संगमरवर, सोन्याचा मुलामा
मागाहून आलेल्या सुलतानाने खरवडून
मेकनेसला नेला, वर्षानुवर्षं नेत होता म्हणतात.
उरल्या त्या लाल भिंती, लांबच लांब हौद,
आणि हौदाहून खाली, पायऱ्या उतरून,
संत्र्यांच्या खोल बागा.

जुलैत येऊ नका. दुपारी दोनला
माझी सावलीसुद्धा माझ्या चपलेखाली लपते.
एक जर्मन बाई भोवळ येऊन पडली तेव्हा
डब्यातली काकडी मी तिच्या कपाळावर ठेवली होती.
मार्च सरताना या. संत्री फुलतात,
वासाने माझा हिशेब चुकतो,
सुटे पैसे जास्त जातात.
नाहीतर जानेवारीत, बलारेज आल्यावर:
लाल पायांचे, उंच, तटावर काटक्यांचे संसार.
गळा नाही त्यांना. चोचीच आपटून बोलतात.

मसूदा मात्र थट्टेने विचारायची.
तटाला पाठ लावून तिचं घर, मेल्लाहच्या बोळात.
समोरून गाढव आलं तर माणसाने
कुणाच्याही दारात शिरावं, असला बोळ.
बावन्न वर्षं तिने बलारेजांच्या काटक्या
गच्चीवरून झाडल्या. आत पाऊल टाकलं नाही.
‘रकिया, कधी येऊ गं? चांगली वेळ सांग.’
‘ये की कधीही. तुझ्याकडून कोण पैसे घेतंय?’
‘येईन. एवढे वाटाणे सोलून झाले की.’
वाटाणे, मग नातीचं बाळंतपण,
मग रमजान, मग गुडघे.

त्या सप्टेंबरात, रात्री,
आधी कपाटातले पेले बोलायला लागले.
सगळा बोळ बाहेर आला,
पण बाहेर म्हणजे तरी काय,
दोन्हीकडे भिंतीच, वर नाडीएवढं आभाळ.
मसूदाने नवऱ्याला घोंगडीवर घालून ओढत आणलं होतं.
माझ्याकडे बघितलं. म्हणाली,
‘आत्ता येऊ?’

मला ठाऊक होतं आत काय आहे.
संत्र्यांच्या मधोमध उभं राहिलं
तर कुठलीही भिंत चाळीस पावलांवर.
छप्पर पडायची भीती नाही,
ते कधीचं जाऊन बसलंय.
मी म्हणाले, किल्ली साहेबांकडे असते.

किल्ली माझ्या कमरेला होती, जलाब्याच्या आत.
चालताना ती मांडीला लागते.
तेव्हाही लागत होती, थेट चौकापर्यंत,
घोंगडीची दोन टोकं माझ्या हातात.
वर, दक्षिणेला न गेलेले चार-पाच बलारेज
अंधारात घिरट्या घालत होते.
उतरत नव्हते.

आमच्या बोळात कुणी मेलं नाही.
हे मी सारखं सांगते,
कुणी विचारलेलं नसताना.

मसूदा आता साफीला असते, लेकीकडे.
तिच्या घराला लाकडाचे टेकू, तटालाही टेकू.
मधे महाल बंद होता,
तरी मी रोज यायचे, नऊ ते पाच,
रिकाम्या खिडकीत बसायचे.

परवा तिचा फोन आला.
‘बलारेज आले?’
मी फोन खिडकीबाहेर धरला.
रांगेतला पहिला माणूस थांबून राहिला,
मुठीत नाणी.
तटावर चोचींचा खडखडाट चालला होता,
कुणीतरी लाकडी चमचे धुऊन
टोपलीत टाकावेत तसा.

पलीकडून बराच वेळ काही नाही.
मग कुकरची शिट्टी. मग तिचा आवाज,
‘आता बरी वेळ आहे, नाही गं?’

हो म्हणाले.
त्या माणसाला तिकीट फाडून दिलं,
टोपी आणलीय का, विचारलं.