बिनवासाचा

एनिसच्या औषधांच्या दुकानात
मी आधी बाटलीची पाठ वाचते,
पुढची फुलं नंतर.
मुंगीएवढ्या अक्षरांत ‘सुगंध’ दिसला
की परत फळीवर.

लॅव्हेंडरनं एकदा, डर्व्हलाच्या लग्नात,
ऐन शपथेच्या वेळी मला चर्चबाहेर काढलं.
खोकला थांबेपर्यंत आत सगळं उरकलं होतं.

मिसेस हेहिर म्हणतात,
‘हा घे, तान्ह्या बाळांचा. याला स्वतःचं असं काही नाही.’
साबणाची कीव येते मला.
मी निदान खारट तरी आहे:
जन्मल्यावर आईनं कपाळाचा मुका घेतला
आणि ओठ चाटून गप्प झाली.
उन्हाळ्यात मनगटावर मिठाची रेघ उमटते,
शेजारचं कुत्रं तेवढ्यासाठी येतं.

कॉहलनं दाढीनंतरचं ते निळं पाणी
कधी सोडलं, बोलला नाही.
परवा नेब्युलायझर धुऊन ठेवला,
त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं,
तर ओल्या लोकरीचा वास आला,
थोडा करपलेल्या टोस्टचा.
चार वर्षांत पहिल्यांदाच.

खोकल्याची वाट पाहिली.
आला नाही.
तरी मी डोकं उचललं नाही.