वजा एकशे सव्वीस

चैत्र. दुपारचे दोन.
हिंगणा रोडवरच्या कॉलेजची गच्ची
चुन्यानं रंगवलेली, तरी चपलेतून चटका.
स्टँडवर काळा घुमट, अर्ध्या लिंबाएवढा,
आणि त्याच्यावर सावली धरून
सूर्यासोबत सरकणारी चकती.

सूर्य नकोच आहे आम्हाला.
मोठ्यानं बोलणाऱ्याला जरा बाहेर बसवलं
की मागच्या बाकावरचं ऐकू येतं.

धकातेकाका छत्री धरून उभे.
"इतलं तापलं आभाळ,
अन् हे वजा काहून दावते बाप्पा?"
वजा एकशे सव्वीस.
मी सांगते, यंत्र जेवढं वर देतं
त्याहून एवढं कमी त्याला मिळतं.
म्हणून आधी त्याचा स्वतःचा ताप मोजायचा,
त्यात हा आकडा धरायचा,
तेव्हा कळतं आभाळाचं देणं.
चारशे पंचवीस.
कोरडं, निळं, रिकामं दिसणारं आभाळ
न दिसणारं इतकं देत असतं.

खाली खोलीत ते आलेख बघतात.
आठ ते चौदा मायक्रॉनच्या मध्ये
रेषा धपकन खाली.
"इथं ताण्याचे धागे सुटले."
गोळीबार चौकात, बापाच्या मागावर
बारा वर्षं घासलेलं बोट
त्या फटीवरून फिरतं, थांबतं.
तिथूनच जातं, मी म्हणते,
ही गच्ची, डांबर, तुमचं कपाळ,
सगळ्यांची ऊब थेट बाहेर.
"बाहेर कोन हाये?"
कोणी नाही.
"मंग?"

जूनमध्ये काका रिटायर झाले.
छत्री विसरून गेले, किंवा ठेवून.

भाद्रपदातली एक दुपार,
ढग इतके खाली
की सेमिनरी हिल्सचा टॉवर अर्धा पुसलेला.
वजा बारा.
वजा अकरा.
मी फोन लावला.
"अकरा, काका."
"म्हंजे वीन भरली?"
जवळजवळ. घेतलेलं परत करतोय.
पलीकडे कुकरची शिट्टी,
कोणाला तरी "थांब वं" म्हणाले,
मग दोघंही गप्प,
आणि कोणी ठेवला नाही.

घुमटावर धुक्याचे थेंब बसले होते.
रुमाल खोलीत राहिला,
म्हणून तळव्यानंच पुसला.
पडद्यावर लगेच: अधिक एकवीस.
वर्षभरातला एकुलता एक अधिक.

तो आकडा खोडायचा असतो.
मी त्याच्यावर बारीक रेघ मारली,
खालचं वाचता येईल अशी,
आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
निरीक्षकाचा हात.