उसवण

स्टेडियमच्या पोटात, बॉयलरला खेटून माझी खोली.
वर सत्तर हजार माणसं ओरडतात
तेव्हा इथे फक्त टाचण्यांची डबी थरथरते.
मी वर्ना स्टॅनचेक. खेळाडूंच्या पाठीवर नावं शिवते.
बावीस वर्षं झाली. एरी सरोवरावरचा वारा
दाराच्या फटीतून येतो आणि थेट माझे गुडघे ओळखतो.

नऊ नंबरवर सात वर्षांत चार नावं.
मीच शिवली, मीच उसवली.
सरावाच्या जर्सीवर सुईची भोकं राहतात,
उजेडाला धरलं तर वाचताही येतात.

एप्रिलमध्ये पाचवं आलं : प्रुइट. शेवटी दोन टी.
डेल्विन प्रुइट, बावीस वर्षांचा, आर्कान्सातल्या
कुठल्याशा धरणाजवळचा.
स्वतः खाली आला, टोपी काढून म्हणाला,
"मॅडम, आईला फोटो पाठवायचाय. जरा सरळ शिवाल?"
त्या आठवड्यात पेपरभर त्याचा उजवा हात,
फक्त हात, खांद्यापासून बोटांपर्यंत,
जणू बाकीचा मुलगा मागाहून कुरियरने येणार होता.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात.
त्याला तेवढेही मिळाले नाहीत.
ऑगस्टमध्येच हॅलोरन पडला, डावीकडचा डोंगर,
ज्याचं काम एवढंच, की मुलाला न दिसणाऱ्या बाजूने
कुणी येऊ नये.
त्याच्या जागी उजवीकडचा माणूस उभा केला.
डावखुऱ्याची कात्री उजव्या हाताला द्यावी
तशी त्याची पावलं पडायची.
ऑक्टोबरात प्रशिक्षक गेला, डावांची वही घेऊन गेला.
नव्याने नवी भाषा आणली
शुक्रवारी,
रविवारच्या सामन्यासाठी.

पेपरवाले लिहीत : मुलगा घाबरतो, चेंडू हातात धरून बसतो.
असेलही.
मी पेपर वाचायचं सोडलं, कपडे वाचते.
त्याच्या जर्सीचं गवत सगळं पाठीवर, डाव्या बरगडीवर,
दुसऱ्या टीवर परक्या हेल्मेटचा निळा रंग, जो जाता जात नाही.
त्याला झाकणाऱ्या पाचांपैकी तिघांचे कपडे
न धुता घडी घालावेत असे.
त्या डावीकडच्याची काख मात्र दर आठवड्याला फाटलेली.
तो धरू पाहत होता. एवढं तरी कापड सांगतं.

त्याच एप्रिलात, तेवीस जणांनंतर निवडलेला लोमॅक्स
गेला होता डोंगराळ शहरात, भरल्या घरात.
तिथे एका म्हाताऱ्या क्वार्टरबॅकच्या मागे
वही धरून उभा राहायचं, एवढीच त्याची नोकरी.
डिसेंबरात ते आमच्याकडे खेळायला आले,
सामना हातात आल्यावर शेवटी त्याला उतरवला.
चार चेंडू फेकले, चारही पोचले,
कपडे इस्त्रीचे ते इस्त्रीचे.
दुसऱ्या दिवशी पेपरात : याला म्हणतात समज.
सकाळी दोघं सरावाला फेकत होते, तेव्हा
मालाच्या दारातून मी पाहिलं होतं.
प्रुइटचा चेंडू जास्त सरळ जात होता.
पण मला कोण विचारतं.

जानेवारीत वरून चिठ्ठी : नऊ नंबर मोकळा करा.
संध्याकाळी तो खाली आला, बरगडीला हात धरून.
म्हणाला, नावाची पट्टी मिळेल का?
मी दिली. त्याने सरावाची जर्सी उचलली,
दिव्यासमोर धरली, बराच वेळ.
"माझ्याआधी कोण होते?"
मी चारही नावं सांगितली.
"कुणी पुढे खेळलं?"
"दोघं. दुसरीकडे. बरे खेळले."
तो हसला नाही. पट्टी घडी घालून
खिशात ठेवली, पावती ठेवतात तशी.

आज पुन्हा एप्रिल.
वरून आठ अक्षरं आलीत, लांबलचक नाव आहे,
खांद्यावरून वळवावं लागेल.
शिपाई सांगत होता, पोराचा हात सोन्याचा आहे म्हणे.
मी विचारलं, हॅलोरनचा गुडघा?
अजून पुरता वाकत नाही म्हणाला.

दोरा ओवलाय.
एकेरी घ्यावा की दुहेरी
तेवढं अजून ठरत नाही.