कानाला खडा

वाल्व्हिस बेवरचं धुकं दहाच्या आत उठत नाही.
तोवर माझे बारा मासे वाचून होतात.

हो, वाचूनच.
हेकच्या डोक्यात, मेंदूला लागून,
दोन पांढरे खडे असतात,
भोपळ्याच्या बीएवढे, कडेला दातेरी.
तोल त्यांच्यावर, ऐकणं त्यांच्यावर.
खडा मधोमध मोडायचा,
मोडलेली कड ज्योतीवर धरायची,
तपकिरी झाली की लगेच काढून
तेलाचा थेंब सोडायचा, भिंगाखाली ठेवायची.
मग वर्षं उमटतात: फिकं कडं, गडद कडं,
पोटभर महिने, ओढगस्तीचे महिने.

मला हे विल्बार्डनी शिकवलं.
त्यांच्या बोटांना करपल्याचा वास यायचा,
निवृत्त झाले त्या दिवशीसुद्धा.
म्हणायचे, मोजताना घाई नको, आशा नको.
आशेनं मासा म्हातारा होतो.

यंदा पाकिटांत पोरासोरांचीच गर्दी.
दोन. दोन. तीन. दोन.
एक मादी निघाली नऊ वर्षांची.
तिचे खडे मी थोडा वेळ तळहातावर ठेवले.
वहीत त्यासाठी रकाना नाही.

भाऊ ट्रॉलरवर असतो. एलिफास.
दर फेरीनंतर कानाला खडा लावतो:
बस, पुन्हा बोटीवर पाय ठेवणार नाही.
आणि सोमवारी पहाटे बूट शोधत असतो.
परवा म्हणाला, जाळं तर भरतंय की गं,
तुमचं भिंग काय वेगळं सांगतंय?
मी म्हटलं, उरलेसुरले जवळजवळ येतात,
घर रिकामं होताना माणसं एकाच खोलीत बसतात तसे.
तो गप्प झाला.
वहिनी त्याच माशांची कापं काढते, कारखान्यात, दुसऱ्या पाळीला,
आणि दुसरी पाळी म्हणजे किती टन
हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

क्रमांक दोनशे बारा.
मी मोजले चार. पलीकडच्या टेबलावर गेर्सननं मोजले पाच.
पुन्हा ठेवला भिंगाखाली.
पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मधे
एक कडं, केसासारखं, अर्ध्यात विरलेलं.

ते वर्ष नव्हे.
तो आठवडा, तळातून गंधक उसळलं तेव्हाचा:
पाणी दुधाळ हिरवं,
शेवंडी श्वासासाठी चालत वाळूवर आलेल्या,
लोक बादल्या घेऊन धावलेले,
सगळ्या गावाला नासक्या अंड्यांचा वास.
वहिनीला त्याच रात्री कळा आल्या.
दवाखान्याच्या खिडक्यांना ओली फडकी लावली होती.
मासा तेवढे दिवस उपाशी राहिला
आणि खड्यानं ते लिहून ठेवलं.

पाच लिहिलं असतं तर?
एका माशानं काही होत नाही.
पण या पेटीत असे चाळीस आहेत, तेच केसासारखं कडं.
चाळीस मासे एकेका वर्षानं थोराड,
विंडहुकच्या कागदावर जरासा मोठा आकडा,
एक पाळी वाचलेली
दोन-तीन वर्षं. नंतर?
पेन्सिल बराच वेळ टोकावर उभी राहिली.
गेर्सन म्हणाला, तू सांग, तू तेव्हा गावातच होतीस.

मी चार लिहिलं.
बाकीचे एकोणचाळीस पुन्हा वाचायला काढले.

रविवारी एलिफासकडे जेवायला हेकच होता.
तुलीनं माशाचं डोकं माझ्याकडे सरकवलं, खडे काढून दे म्हणून.
मी काढून दिले. दुसरं कुणी काही विचारलं नाही.
शेजारीण तिला म्हणाली, किती वर्षांची झालीस गं?
तिनं तीन बोटं वर केली.
मग इकडेतिकडे बघून, हळूच,
चौथं उघडलं.