परतीची तार

उधारीच्या वहीचं शेवटचं पान.
पुढच्या पानांवर मोका गावची अर्धी आळी:
तांदूळ, खारवलेले मासे, रमची चपटी, शनिवारी देते.
मागून, वही उलटी धरून, माझ्या भावाची गाडी.

विल्किन म्हणतो, योकास्ता, तुझं गणित बरं, तूच मांड.
मांडते.
तीन हजार वॅट बाहेर हवेत
तर पावणेचार हजार आत घाल,
वरचे साडेसातशे नुसते तापण्यात जातात.
भागिले साडेतेरा व्होल्ट:
दोनशे अठ्ठ्याहत्तर अँपिअर.
गाडीचा अल्टरनेटर ऐंशीचा,
सिग्नलला उभा राहिला की तोही निम्मा.
मिळवता एक, तोही दमलेला,
आणि ताटं बघ किती मांडलीस.
म्हणून तर दर ठोक्याला हेडलाइट डोळे मिटतात.

कपॅसिटर घेऊ, तो म्हणतो, स्वस्तात सुटू.
अरे, कपॅसिटर म्हणजे शेजारणीकडची वाटीभर साखर.
आजचा चहा होईल,
उद्या वाटी भरून द्यायची ती कुठून?
दुसरी बॅटरी ही साठवण,
आणि साठवायला आधी उरावं लागतं.

लिहिते: अल्टरनेटर, तीनशेवीसचा.
केबल अंगठ्याएवढी, अस्सल तांब्याची
(सांतियागोत ॲल्युमिनियमला मुलामा देऊन विकतात,
चाकूनं खरवडून बघ).
फ्यूज बॅटरीपासून दोन वितींच्या आत.
माझ्या वितीनं, तुझ्या नाही.

पैसे आईचे. पाच तारखेला माद्रिदहून येतात.
तिथं ती कुणा म्हातारीची उठबस करते,
आठ वर्षं झाली.

वीज गेलेलीच आहे.
एलिहिओमामा मेणबत्ती सरकवून
ग्रीसचा अंगठा कागदावर टेकवतो.
लाल तारेचे लाड झाले. काळी कुठाय?
काळीला काय, विल्किन म्हणतो,
जुनीच चालेल, तो गंजका बोल्ट आहेच.
मामा हसत नाही.
जेवढं जातं तेवढं परत यावं लागतं, पोरा.
परतीची वाट अरुंद असली
की जाणारंही अडून बसतं.
चेसिसचा रंग खरवड,
उघडं लोखंड दिसेपर्यंत.

लिहिते: काळी तार. तेवढीच जाड.
मग थोडा वेळ काही लिहीत नाही.

किती झाले?
सांगते. तो शीळ घालतो.
ऑक्टोबरपर्यंत जमेल?
जमेल. पण त्याआधी
आईच्या विमानाचं भाडं काढून ठेवलं
तर डिसेंबर.

स्पीकरच्या रिकाम्या खोक्यावर
तो बोटांनी ठेका धरतो, बराच वेळ,
एकही वॅट न जाळता.
मग म्हणतो, डिसेंबर.
पण विमानतळावर तिला आणायला
हीच गाडी न्यायची.

आवाज कमी ठेवून, मी म्हणते.
तो म्हणतो, बघू.