पळालो

बेलापूर, सेक्टर पंधरा, झेरॉक्सच्या दुकानावर दुसरा मजला.
डॉक्टर नाखवांनी माझी खुर्ची भिंतीला टेकवली,
म्हणाल्या, नाझनीनताई, त्याने तुमच्याकडे नाही,
माझ्याकडे बघायला हवं.
आणि 'तो म्हणतो' असं म्हणायचं नाही.
तो जे बोलेल त्याला तुम्ही 'मी' म्हणायचं.

सलालाहच्या दवाखान्यात अकरा वर्षं
हेच तर करत होते:
कुठे दुखतं, किती दिवस, जेवणाआधी की नंतर.
तिथे 'मी' कधी लागला नाही.
गुडघा दुखला तर तो ज्याचा त्याचा गुडघा.

अब्दुल्बारी, तैझचा. शाळेत भूगोल शिकवायचा.
पहिले तीन मंगळवार तो फक्त झोपेबद्दल बोलला
आणि खारघरच्या भाड्याबद्दल.
चौथ्या मंगळवारी दार आलं.
मी दार उघडलं, मी म्हणाले.
मी आवाज ऐकला.
मी धाकट्याला उचललं.
बरं चाललं होतं.
उघडलं, ऐकला, उचललं,
ह्यांत बोलणारी बाई की बाप्या कळत नाही,
त्यांच्या आडोशाला मी बसून होते.

मग तो म्हणाला, जरैत.
त्याच्या भाषेत ते त्यालाही चालतं, मलाही.
मराठी मात्र उंबऱ्यावरच अडवते: कोण आहे?
पळालो, की पळाले?
डॉक्टरांचं पेन कागदावर थांबलेलं.
पळाले म्हणावं,
तर मोठ्याला त्या घरात मीच सोडून आले.
पळालो म्हणावं, तर तो एकटाच.

"पळालो."

तेवढ्यात उलव्याकडे सुरुंग उडाला.
रोज दुपारी उडतो, काचा जराशा वाजतात,
आम्ही बोलणंसुद्धा थांबवत नाही.
तो टेबलाखाली होता,
एक हात छातीशी वळलेला, आत कुणीतरी असल्यासारखा.
डॉक्टरांनी अजून काही विचारलं नव्हतं.
मी खुर्ची सोडली, फरशीवर बसले
आणि अरबीत माझं स्वतःचं बोलले:
दगड आहे, मास्तर. इथे डोंगर फोडतात.
विमानतळासाठी. रोज. तीन वाजता.

काय सांगितलंत, डॉक्टरांनी विचारलं.
तेही सांगितलं.
त्या खिडकीकडे बघत राहिल्या.
त्या डोंगराच्या पायथ्याशी आमचं घर होतं, म्हणाल्या,
हे नका सांगू त्याला.

टेबलाखालून तो विचारत होता, काय म्हणाल्या?
यानी, मी म्हटलं.
हा एक शब्द आम्हा तिघांनाही येतो.
यानी… उठा सावकाश. घाई नाही.

तळोज्याला घरी पोचायला साडेसात झाले.
मुनाफ म्हणाला, आज उशीर?
दमलो रे, मी म्हणाले.
तो हसला. दमलो? कोण दमलो?

मी चपला काढल्या.
दार लावलं. गॅस पेटवला.